पुठ्ठ्याचा वारा

भर मे महिना, यंत्रमागांचा खडखडाट आणि चादरींच्या त्या कारखान्यात चालू सॉकेट एकच. त्यातही आधीच कुणाचा तरी प्लग!

"काढता का ओ?" मी ओरडून विचारलं.

"आधी नाव तरी विचारा की!" सुताच्या रिकाम्या खोक्यावर बसलेला तो हसला. मृत्युंजय, अक्कलकोटचा. गालाला कापूस चिकटलेला... आणि स्वारीला पत्ताच नाही.

"मी वैजयंती, मोहोळची. आता काढा."

त्यानं पिशवीतून एक्स्टेंशनची वायर काढली. म्हणजे होतीच की त्याच्याकडे!

काम दोघांचं एकच. मागावर कॅमेरा लावायचा आणि धागा तुटलेला दिसताच तळहाताएवढ्या बोर्डानं माग थांबवायचा. मालक कल्लप्पाअण्णा दोघांचं बघून एकाला काम देणार होते. बोर्डावरच्या चिपमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भाग असतो. मृत्युंजयनं सगळा भार त्याच्यावर सोपवला होता. मला ते पटत नसे. आत काय चाललंय ते दिसत नाही ना! मी एकूण एक चित्र माझ्या प्रोग्राममधून, मुख्य प्रोसेसरकडूनच तपासून घ्यायचे.

"सगळं एकट्यानंच करायचं? लई तापत असेल."

"काय म्हणालात?"

"बोर्ड ओ, बोर्ड!"

मला हे काम हवंच होतं. मोहोळला आई एकटी. काम मिळालं असतं तर तिच्याजवळ राहून रोज एसटीनं सोलापूरला येता आलं असतं. नाहीतर पुन्हा पुण्याचं ऑफिस. तिथल्या एसीत माझा बोर्ड कसा झकास चालायचा!

इथंही चालला. आठवडाभर आम्ही शेजारी बसून थोड्या थोड्या वेळाच्या चाचण्या घेतल्या, भाकरी-शेंगाचटणी वाटून खाल्ली, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. शेवटच्या दुपारी अण्णा बघायला आले, तेव्हाही माझा बोर्ड एकदाही चुकला नाही. मी खुशीत पाणी प्यायला म्हणून मागाच्या पाठीमागून गेले आणि थबकले.

मृत्युंजय घामानं निथळत, खोक्याच्या फाडलेल्या पुठ्ठ्यानं माझ्या बोर्डाला वारा घालत होता.

"हे काय चाललंय?"

"तापतोय गं... तापला की मंद होतोय."

"मग होऊ दे! तुला काम नकोय?"

"हवंय की. पण... तू पुण्याला जाशील."

असा राग आला मला! डोळ्यांत पाणीच आलं. "आणि पुढं? रोज येणार होतास वारा घालायला?"

"येणार होतो की," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे.

मी अण्णांना बोलावलं, सगळं सांगितलं आणि पुठ्ठा बाजूला ठेवला. थोड्याच वेळात माझा बोर्ड चटका बसेल इतका तापला, चित्रं मागं पडली. धागा तुटल्याचं त्याला कळेपर्यंत वीतभर चादर वाया गेली होती. मृत्युंजयचा बोर्ड गार होता. त्याचा माग जागच्या जागी थांबला.

"खरं बोललीस पोरी," कल्लप्पाअण्णा म्हणाले. "पण काम ह्याला द्यावं लागतंय बघ."

"व्हय अण्णा," मी म्हणाले. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

फाटकाबाहेर कडुनिंबाखाली मृत्युंजय मागोमाग आला.

"रागावलीस?"

"हो."

"दर शनिवारी पुण्याहून घरी येशील ना? मी पुढं कुर्डुवाडीला येऊन तुझ्या गाडीत चढतो... तितनं मोहोळपर्यंत बरोबर."

"एवढंच सांगायला आलास?"

"न्हाय..." तो मातीकडे बघत राहिला. "तू मला आवडतेस. आत्ता काही बोलू नको. तू सगळं तपासून घेतेस, माहितीय मला. घे वेळ."

खरंच होतं ते. साधी चप्पल घ्यायची तरी मी चार दुकानं पालथी घालते. त्याच्या गालावर आजही कापूस होता. मी तो हलकेच काढला.

"हो," मी म्हणाले.

"अगं... तपासलं नाहीस?"

"झालं तपासून. तू वारा घालत होतास तेव्हाच."