व्हॅनिलाची अर्धी ओळ

दिवा जरा मोठा करा, मग सांगते.

ताई गेली त्याला वर्ष झालं होतं. भाऊजी मळ्यावर एकटेच राहत होते, फोनवर धड बोलत नव्हते. त्यांची समजूत घालून शहरात घेऊन यावं म्हणून मी गेले. मी शिवणकाम करते; दोन दिवस मशीन बंद ठेवलं, एवढंच.

भाऊजींनी हौसेनं मळा दाखवला. कोकोची खोडालाच चिकटलेली फळं, मिऱ्यांचे वेल, तळ्यातली बदकं, माणूस दिसला की ओरडणारी बकरी. शेवटी व्हॅनिला. आधाराच्या झाडांवर चढलेले जाडजूड वेल आणि त्यांना शेंगांचे घोसच्या घोस.

"भाऊजी, ही हातानं फळवावी लागते ना? ताई सांगायची."

"हो. ते काम करणारा किडा इकडे नाही. फूल सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. तेवढ्या वेळात काडीनं आतला पडदा उचलून अंगठ्यानं दाबायचं. नाहीतर गळून जातं."

"मग शिकलात म्हणायचं!"

ते बकरीकडे बघत राहिले. "माझी बोटं जाड गं, धाकटे. मला कधी जमलंच नाही."

"मग गडी ठेवलाय?"

"नाही..."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटीच तिकडे गेले. गवतावर दव होतं. पावलं फक्त माझी. पहिलं फूल पाहिलं. पाकळी चिरलेली, आत दाबलेलं, चीर अजून ओली. दुसरंही तसंच. तिसरंही. अर्धी ओळ झाली होती. पुढच्या फुलांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

म्हणजे काम चालू होतं...

तेवढ्यात तळ्याकडून बदकं आली, एकामागे एक. त्या अर्ध्यावरच्या वेलापाशी त्यांची रांग दुभंगली, मोकळ्या जागेला वळसा घालून पुढे पुन्हा एक झाली.

"ताई...?"

पाखरं गप्प झाली. माझा हात उचलला गेला. मी उचलला नव्हता. अंगठा फुलात हळूच दाबला गेला; लहानपणी सुईत दोरा ओवायला शिकवताना ताई धरायची, तितक्याच मायेनं. तेव्हा भीती नाही वाटली. भीती वाटली ती हात सुटेना तेव्हा. ओळ संपेपर्यंत तो सुटला नाही.

घरी आले तर भाऊजींनी चहा पुढे केला. माझ्या हिरव्या झालेल्या अंगठ्याकडे पाहून म्हणाले, "बरं झालं आलीस. ती थकलीय गं आता... मीच तिला सांगितलं होतं, धाकटी येईल म्हणून."

चहा तसाच टाकून मी निघाले. भाऊजींना चला म्हणायचं राहूनच गेलं.

तीन महिने झाले. रोज उजाडलं की माझ्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप दाबायला लागतो. काही केल्या दुपारपर्यंत थांबत नाही.

ताई डावखुरी होती. मी नाही.