पासपोर्टवरचं अस्वल

"अहो, हे काय करून ठेवलंत तुम्ही!"

फुकुओकाच्या स्टेशनात बोरम एवढ्या मोठ्यानं कडाडली की रांगेतल्या दोन जपानी म्हाताऱ्या चपापून मागे सरल्या. तिच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, दानबीच्या हातात पासपोर्ट उघडा होता, आणि पानावर... लालभडक, गोल, हसरं अस्वल!

प्रवाशांनी आठवण म्हणून आपापल्या वहीत मारून न्यावेत, असे शिक्के तिथं टेबलावर ठेवलेले असतात. दानबीचा हात पुरेना, म्हणून मागच्या उंच माणसानं तिचं मनगट धरून शिक्का चांगला दाबून दिला होता. वर शाबासकीही दिली होती.

"मला वाटलं, वही आहे," तो चक्क कोरियनमध्ये म्हणाला. "सशाचं कव्हर होतं ना..."

"वही? अहो, सरकारी पासपोर्ट आहे तो! झाला ना आता बाद! उद्याची कोरियाला, पुसानला परतायची बोट कशी गाठायची आम्ही?"

"जरा पुसून बघितलं तर—" बोरमची आई हळूच म्हणाली.

"आई, तू तर बोलूच नकोस! लक्ष ठेव म्हणून कुणाला सांगून गेले होते मी?"

तिचा राग खरा होता, पण त्याच्याखाली भीती होती. रविवारी दानबीला तिच्या बापाकडे पोचवायचं होतं. घटस्फोट झाल्यापासून तो टपूनच बसला होता. बोरम बेजबाबदार आहे, पोर माझ्याकडे द्या, असं कोर्टात सांगायला त्याला एवढंसं निमित्त पुरलं असतं.

"आपली कोरियन वकिलात संध्याकाळपर्यंत उघडी असते," तो माणूस म्हणाला. "मी जेहा. इथं बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. चला, मला रस्ता माहीत आहे."

"तुमची मदत नकोय मला."

"नका घेऊ. मी पुढे चालतो, तुम्ही चिडून मागून या."

काय निर्लज्ज माणूस! पण गेली ती त्याच्या मागून. करते काय?

वकिलातीत नव्या पासपोर्टचा फोटो काढतानाही तोच गोंधळ. भुवया दिसायला हव्यात, तोंड मिटलेलं हवं. केस वर घेऊन दानबी गंभीर बसली की कोपऱ्यातल्या जेहाकडे बघून फिसकन हसायची. तो काहीच करत नव्हता — फक्त कान हलवत होता.

"तुम्ही आधी बाहेर व्हा!"

तो निमूट बाहेर गेला. काचेतून बोरमनं पाहिलं, तर शिक्षा झाल्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा! तिच्या ओठांवर हसू आलंच होतं... तिनं दात ओठांत रुतवले.

खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि जेहाकडे पाहिलं. "आपण वडील का?"

"नाही. गुन्हेगार."

बोरम फस्सकन हसली. आणि हसली म्हणून स्वतःवरच भडकली. बाई म्हणाल्या, आईची सही पुरे, तातडीचा पासपोर्ट संध्याकाळी न्या.

ती बाहेर येऊन बाकावर टेकते न टेकते तोच दानबीच्या बापाचा फोन. आणि तो उचलला कुणी? दानबीनं. "बाबा, माझ्या पासपोर्टवर ना, अस्वल आहे!"

बोरमनं फोन ओढून घेतला. पलीकडून सुरू झालंच, "बघ! पोर सांभाळता येत नाही तुला. हेच सांगतो आता कोर्टात."

जेहानं हात पुढे केला. "द्या इकडे. चूक माझी आहे, मी सांगतो त्यांना."

"नको." ती उठून उभी राहिली. "ऐक रे, शिक्का बसला, आणि नवा पासपोर्ट मी आजच करून घेतलाय. रविवारी पोर तुझ्या दारात असेल. जा, सांग कोर्टात! बिघडलं काय आणि निस्तरलं कुणी, ते मीही सांगेन."

तिनं फोन ठेवला. जेहानं बार्लीचा गरम चहा आणून तिच्या ओंजळीत दिला. "घ्या, दानबीच्या आई."

"बोरम," ती पुटपुटली. "माझं नाव बोरम आहे."

तो नाव पुटपुटून बघत राहिला... आणि तिला कळलं, हा माणूस आपल्याला आवडलाय. एका दुपारीत! सगळ्यात जास्त राग तिला त्याचाच आला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर तो धापा टाकत आला. नवा पासपोर्ट तपासून झाला होता. आई दानबीला घेऊन मुद्दामच पुढे निघून गेली.

"बोरम... अजून रागावलात?"

"खूप."

"कधी जाईल राग?"

"मला काय माहीत! पुसानला या आणि बघा."

"आलो, आणि तेव्हाही असला तर?"

बोटीचा भोंगा वाजला. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले, ते तिनं बाजूला केले नाहीत.

"तर... मुक्काम वाढवा," ती म्हणाली, आणि मागे न बघता तरातरा बोटीकडे निघाली. कारण चेहऱ्यावर आता राग काही केल्या टिकत नव्हता.