रोशनीची उडी आणि भूमिकाची लाथ

“मी नाही येणार! तिचं शूटिंग तिला लखलाभ!” कूलरसमोर फतकल मारून बसलेल्या भूमिकाने जाहीर केलं.

“काल तर सगळ्यांच्या आधी तूच गाडीत बसली होतीस!” तिचा धाकटा भाऊ अश्विन म्हणाला.

“काल बघितलं ना? रोज रोज काय बघायचं?”

“जळतेस तू रोशनीताईवर!”

“मी? आणि जळते? हॅट बे!”

जळत होती. चांगली धडधडून जळत होती, बरं का! आणि कारणही तसंच होतं. रोशनी त्यांच्याच गल्लीतली, कुसुमताईंच्या कराटेच्या वर्गातली. रोशनी कॉलेजात आणि भूमिका सातवीत. पण वर्गात सगळ्यात जबर लाथ कुणाची? भूमिकाची! खुद्द कुसुमताई तसं म्हणायच्या. आणि झालं काय? रोशनीने आधी साड्यांच्या दुकानाची जाहिरात केली, मग एका मालिकेत गुंडाची बहीण झाली, आणि आता तर चक्क चित्रपटाची नायिका! तीसुद्धा मारामारी करणारी! तेव्हापासून घरात सकाळ-संध्याकाळ एकच जप. “रोशनी बघ, कशी पहाटे उठते!” “रोशनी बघ, कशी मुकाट्याने भाजी खाते!” भूमिकाला आता दोडक्याच्या भाजीतसुद्धा रोशनी दिसायला लागली होती.

तेवढ्यात तिची मैत्रीण अरुंधती धावत आली. तिच्या बाबांचं शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं आणि शूटिंग तिथेच चाललं होतं.

“चला लवकर! आज मोठी उडी आहे. मुंबईचे निर्माते खास बघायला येणार आहेत. उडी आवडली तर त्यांच्या पुढच्या चित्रपटातही रोशनीताईच. नाही आवडली तर दुसरी कोणीतरी!”

“दुसरी कोणीतरी” ऐकलं मात्र, भूमिका ताडकन उठून चप्पल शोधू लागली.

गोदामात पत्र्याखाली नुसती भट्टी पेटली होती. एका बाजूला पोत्यांची उंचच उंच थप्पी. गुंड पाठलाग करणार, रोशनी त्या थप्पीवर चढणार आणि वरून खाली झेप घेणार. खाली रिकाम्या खोक्यांचा ढीग आणि त्यावर गादी. रिकामे खोके अंगाखाली चेपतात, म्हणून पडणाऱ्याला लागत नाही. स्टंट शिकवणाऱ्या सौरवने काल स्वतः उडी मारून दाखवली होती. खोके फस्सकन बसले होते आणि तो हसत बाहेर आला होता. मग त्याने ढीग पुन्हा नवा रचून ठेवला होता.

आज तो ढीग थप्पीच्या दुसऱ्या अंगाला दिसत होता. कॅमेऱ्याची जागा बदलली होती ना!

हातात आलुबोंडा घेऊन अश्विन त्या ढिगाला टेकला. काल असाच टेकला तेव्हा सगळे खोके सरकले होते आणि त्याने सगळ्यांची बोलणी खाल्ली होती.

“आई गं! माझं कोपर!” तो कळवळला. “अरुंधती, आज हलतच नाही बे हे!”

अरुंधतीने ढकलून पाहिलं. भूमिकाने खांदा लावला. वरचे खोके लगेच सरकले, पण खालचे जागचे हलेनात.

“हे काहीतरी भलतंच आहे,” भूमिका पुटपुटली.

हमालांचा मुकादम कवडू तिकडूनच चालला होता. तिने विचारलं, “कवडूकाका, हे खोके कोणी रचले?”

“मीच रचले!” कवडूकाकांनी मिशीवरून हात फिरवला. “सकाळी सायेब म्हणाले, ढीग तिकडे न्या. आम्ही नेला. पाहतो तं काय, खाली साराच रिकामा माल! अशी थप्पी उभी राहते का वं? खाली जड, वर हलकं, हा थप्पीचा नियम! म्हणून खालच्या खोक्यायमध्ये बिजागऱ्या भरून देल्या. आता भूकंप आला तरी हालत नाही!”

“बिजागऱ्या? लोखंडाच्या?”

“मंग काय लाकडाच्या रायते का?” असं म्हणून काका बाहेर पळाले, कारण निर्मात्यांच्या गाडीला जागा करायला ट्रक हलवायचे होते.

“बापरे! ताईची कंबरच मोडेल!” अश्विनचे डोळे विस्फारले.

भूमिका मात्र तिथेच उभी राहिली. तिच्या मनात एक घाणेरडा विचार आला. गप्प बसलं तर? कंबर नको मोडायला, पण पाय जरासा मुरगळला तर? जरासाच! मग आठवडाभर तरी घरात “रोशनी बघ” नाही!

तिने वर पाहिलं. थप्पीवर रोशनी अंग मोकळं करत होती, अगदी कुसुमताईंनी दोघींना शिकवलं होतं तसंच. तिचे ओठ सुकले होते. भूमिकाचे कान शरमेने तापले. ती तशीच धावत सुटली.

“सौरवदादा! खालच्या खोक्यांत लोखंड भरलंय! कवडूकाकांनी भरलंय!”

“काहीही! कालच उडी मारून पाहिली मी स्वतः!”

“काल रिकामे होते! आज नाहीत!”

“काय गं, रोशनीची लाथ कच्ची आहे, असं काल सगळ्यांना सांगत फिरणारी तूच ना?” सौरव हसला. “जळकुकडी कुठली! आता उडी पण बघवेना का?”

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. दिग्दर्शिका मायामॅडम घाईघाईने म्हणाल्या, “बाळ, बाजूला हो. निर्माते येऊन बसलेत. चला, शॉट घेऊया!”

झालं! खरं बोलायची वेळ आली आणि कोणी विश्वासच ठेवेना! कोण ठेवणार? दोन दिवस नाक मुरडत तीच तर फिरत होती.

“मी काकांना घेऊन येते!” अरुंधती फाटकाकडे पळाली.

“आणि मी शॉट थांबवतो,” अश्विन हळूच म्हणाला.

पुढच्याच क्षणी ओरडा झाला, “अरे, क्लॅप कुठे गेली?” शॉटच्या आधी टाळी वाजवायची ती काळी-पांढरी पाटी गायब होती! अश्विनच्या शर्टाच्या आत ती चौकोनी दिसत होती आणि अश्विन पोत्यांच्या आडून सशासारखा पळत होता.

“पकडा त्याला! अबे, थांब!”

“आधी खोके बघा!” पळता पळता अश्विन ओरडला.

अर्धी मंडळी त्याच्या मागे धावली. भूमिकाला हवी होती तेवढी मोकळी जागा मिळाली. ती ढिगासमोर उभी राहिली.

“रोशनीताई! इकडे बघ! माझ्या पायाकडे बघ!”

तिने श्वास घेतला, गुडघा उचलला आणि खालच्या खोक्यावर अशी लाथ घातली, अशी घातली, की वर्गात कुणाला घातली नव्हती! धप्प! खोका तसूभरही हलला नाही. भूमिका मात्र पाय धरून खाली बसली.

“आता सेटही फोडते ही पोरगी!” सौरव तिच्याकडे धावला.

“थांबा!” वरून रोशनीचा आवाज आला. “मी उडी मारणार नाही.”

निर्मात्यांनी घड्याळात पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. मायामॅडम म्हणाल्या, “रोशनी, घाबरलीस का?”

“हो, घाबरले! या पोरीची लाथ मी पॅड धरून झेलली आहे, मॅडम. दर वेळी मागे फेकली गेले. तिच्या लाथेने रिकामा खोका पार फाटकापर्यंत जायला हवा होता. तो हललासुद्धा नाही! आधी तो खोका उघडा.”

सौरवने तोंड वाकडं करत खोका फाडला. खळ्ळ! बिजागऱ्यांची रास त्याच्या बुटांवर कोसळली. सौरवचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात अरुंधती कवडूकाकांना ओढत घेऊन आली. काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अरे बाप्पा! वरून पोरगी उडी मारून राहिली, हे मले कोणी सांगतलंच नाही! मले वाटलं, खोके नुसते दाखवाले ठेवले!”

“चूक तुमची नाही, काका. आमची आहे,” मायामॅडम म्हणाल्या आणि सौरवकडे वळल्या. “ढीग हलवल्यावर पुन्हा तपासायचा नाही?”

सौरवने सगळ्यांदेखत भूमिकासमोर कान पकडले. “चुकलो, ताई!” तेरा वर्षांच्या मुलीला तो ताई म्हणाला!

ढीग पुन्हा रचला गेला. आता सौरवने स्वतः एकेक खोका उचलून पाहिला आणि अश्विननेही प्रत्येकाला टेकून घेतलं. मग रोशनी वरून झेपावली, हवेत फिरली आणि फस्सकन गादीत शिरली. वा! काय उडी होती! निर्माते खुर्चीतून उठलेच. “पुढच्या चित्रपटातही हीच मुलगी! वेळेवर नाही म्हणायला उडीपेक्षा जास्त धाडस लागतं.” मग त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. “आणि तुम्ही नसता, तर आज आम्ही सगळे दवाखान्यात असतो. शाब्बास रे पोरांनो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे रोशनीभोवती जमले आणि खरं सांगायचं तर भूमिका पुन्हा धडधडून जळायला लागली. तिने टाळ्या वाजवल्या, पण जळत जळतच! एवढं सगळं करूनही हार रोशनीच्याच गळ्यात!

गर्दीतून वाट काढत रोशनी आली, जमिनीवर बसली आणि भूमिकाच्या सुजलेल्या अंगठ्यावर बर्फ धरला.

“फार दुखतंय?”

“हं.” भूमिका खाली बघून म्हणाली. “ताई, एक सांगू? मी खरंच जळते तुझ्यावर.”

“माहीत आहे. पण तुला एक माहीत नाही. कुसुमताई वर्गात म्हणायच्या ना, लाथ मारावी तर भूमिकाने? तेव्हा घरी जाऊन मी उशीला लाथा मारायचे. अजूनही तुझ्यासारखी जमत नाही. आज तू मारलीस ना, तेव्हासुद्धा आधी माझा जळफळाटच झाला आणि मग खोका आठवला!”

भूमिका डोळे फाडून बघत राहिली. मग दुखरा पाय, बर्फ, सगळं विसरून ती उभी राहिली आणि अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल अशी किंचाळली, “अश्विन! ऐकलंस का बे? रोशनीताई माझ्यावर जळते!”