अर्धा विलाप

"गप्प! गप्प बस आधी!"

स्तावरियानी चुलीवरचे गहू तसेच शिजत टाकून धावली आणि तिनं लेकीच्या तोंडावर हात दाबला. पानागूला डोळे विस्फारून आईकडे बघतच राहिली... उंबऱ्यात बसून, चिंध्यांच्या बाहुलीला मांडीवर थोपटत, तीन वर्षंही पुरी न झालेली ती पोर एक सूर गुणगुणत होती. अंगाईसारखा लांब, शेवटी खोल कोसळणारा सूर! पण ती अंगाई नव्हती. तो विलाप होता. आणि घरात कुणी गेलेलं नसताना विलाप म्हटला, तर मृत्यू आपल्यालाच बोलावलंय असं समजून दारात येऊन उभा राहतो, हे ग्रीसच्या दक्षिण टोकाला असलेल्या मानी प्रांतातल्या त्या खडकाळ, वाऱ्यानं सोललेल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"काका म्हणतो... टीव्हीत," पोर हुंदके देत म्हणाली. "सगळे नाचतात, आई."

सगळे नाचतात...! स्तावरियानीनं लेकीला छातीशी घट्ट ओढून घेतलं. तिचं कपाळ तापलंय का, हे तिनं ओठांनी चाचपलं, मानेला हात लावून पाहिला, दाराबाहेरही एकदा पाहून घेतलं. कुणी नव्हतं. नुसता वारा होता.

तिचा दीर पिएरोस टीव्हीत म्हणायचा तो भाग वेगळाच होता, भराभरा बोलायचा, तालातला. पण ज्या सुरावर अख्खा देश हात उंचावून डोलत होता, तो सूर तिचा होता. तिच्या गळ्यातला, तिच्या नवऱ्याच्या शवपेटीच्या उशाशी बसून काढलेला!

पानागोसचा ट्रॅक्टर जैतुनांच्या उतारावरून उलटला, तेव्हा ही पोर तिच्या पोटात होती. सासूबाईंना, लिगेरीबाईंना, डॉक्टरनं इंजेक्शन देऊन आतल्या खोलीत निजवलं होतं. बायका काळ्या भिंतीसारख्या सभोवार बसल्या होत्या, आणि स्तावरियानी नवऱ्याला हाक मारत होती... ऊठ, दार उघड, वारा आलाय, ऊठ! कोपऱ्यात धाकटा दीर पिएरोस बसला होता, हातात मोबाइल धरून. तो तेव्हा अथेन्समध्ये पिझ्झा पोचवायचा आणि कुठल्याशा तळघरात रॅप करायचा. वर्षाच्या आत तोच आवाज यंत्रानं पाखरासारखा बारीक करून, नाव कापून, त्यानं गाण्यात बसवला. एका उन्हाळ्यात तो कुणाचा कोण झाला!

आवाज कुणालाच ओळखू आला नाही. सूर आणि शब्द तर साऱ्या मानीचेच. पण स्वतःचा हंबरडा कुणाला ओळखू येत नाही?

तरी ती बोलली नाही. कशी बोलणार? त्याच गाण्याच्या जिवावर सासूबाईंच्या हृदयात नवी झडप बसली होती. सत्य कानावर गेलं असतं, तर त्या स्वाभिमानी माउलीनं ती झडप छातीतून उपटून फेकली असती! स्तावरियानीनं गळ्याला जणू कुलूप घातलं. पूर्वी गावातल्या प्रत्येक मढ्यावर तिलाच बोलावणं यायचं. आता ती जाईना. बायका टोमणे मारत, "दीर मोठा झाला ना! आता गरिबाच्या मढ्यावर कशाला उघडेल गळा?"

ती ऐकून घेई. तिला भय वाटे ते वेगळंच. लग्नात, पेट्रोल पंपावर, दफनभूमीखालच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांत ते गाणं वाजलं, की तिच्या अंगावर काटा येई. पानागोस उठून बसत असेल का? दर हाकेला अर्धवट उठून, दार शोधत असेल का तो, अंधारात...?

आणि उद्या कबर उघडायची होती, रिवाजाप्रमाणे हाडं वाइननं धुऊन पेटीत ठेवायला. तिसरं वर्ष सरत आलं होतं. मातीनं त्याला नीट घेतलं असेल तर हाडं स्वच्छ निघतील. नाहीतर सारं गाव समजून जाईल, की याला कुणीतरी सोडलेलं नाही!

दुपारी पिएरोस आला. गाडी झगमगीत, आणि आत बसलेला माणूस मात्र वाळून गेलेला.

"काय रे हे? पॅन्टला एवढाली भोकं!" लिगेरीबाई त्याचे गाल ओढत म्हणाल्या. "तुझी कंपनी कापड पुरवत नाही का?"

तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. आई नातीला घेऊन अंगणात गेली, तसा तो चुलीपाशी आला. स्तावरियानी उद्या पानागोसच्या नावानं वाटायच्या गव्हात डाळिंबाचे दाणे मिसळत होती.

"वहिनी, एक मागायचंय."

"माझ्याकडे उरलंय काय आता, घेऊन जाण्यासारखं?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला... माहीत होतं?"

"माझा गळा आहे तो, पिएरोस!"

तो भिंतीला टेकला. मग तो बोलू लागला, खालमानेनं... त्यानंतरची सगळी गाणी पडली होती. स्टेजवर काहीही सुरू केलं, की लोक ओरडत, 'दार उघड! दार उघड!' दुसरं काही ऐकूनच घ्यायचे नाहीत. "कंपनी म्हणते तोच आवाज परत आण, नाहीतर चालता हो. उद्या कबरीवर तू गाशीलच... थोडंसं घेऊ दे मला. एवढंच."

"म्हणजे तू भावाला भेटायला नाही आलास!" तिच्या हातातली परात खणकन आदळली. "त्याला पुन्हा एकदा विकायला आलास! अरे, माझी पोर बाहुलीला विलाप म्हणते, विलाप! बंद कर ते गाणं!"

"नाही करता येत! ते माझं राहिलेलंच नाही, कंपनीचं झालंय." त्याचा आवाज फाटला. "आणि मला काय हौस आहे का, वहिनी? तुझी हाक सुरू झाली की तो येतो. दिव्यांच्या मागं उभा राहतो. मी वळत नाही. दोन वर्षं झाली, मी स्टेजवर मागं वळून पाहिलेलं नाही... तो जातच नाही गं!"

स्तावरियानीचा राग ओसरला. या पोराला ती लग्न होऊन आली तेव्हा शाळेचा डबा भरून द्यायची.

"त्या दिवशी शेवटपर्यंत बसला होतास?" तिनं हळूच विचारलं.

"नाही. पळालो बाहेर. अंगणात ओकलो." त्यानं मान वर केली. "का? पुढं काय होतं?"

पुढं काय होतं...! तिच्या काळजात वीज चमकून गेली.

"आधी हाक मारायची असते, पिएरोस. आणि मग सोडायचं असतं, वाट मोकळी करून द्यायची असते. तू नुसती हाक नेलीस रे, बाळा! सोडणं इथंच राहिलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्रीबाबांचा धूप वाऱ्यानं विस्कटून टाकला. कुदळ थांबली, बायकांनी माती हातांनी सारली. पानागोसची कवटी वर आली... मेणासारखी पिवळी, स्वच्छ, निर्मळ! "चांगला सुटलाय हो!" बायकांनी क्रूसाची खूण केली. लिगेरीबाईंनी लेकाच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

सुटलाय? स्तावरियानी पुढं वाकली. मग ज्याच्या काळजीनं आपण इतके दिवस जळलो, तो तर केव्हाच शांत झाला होता! तिनं पाहिलं, पिएरोस सुरूच्या झाडाशी उभा होता. हात रिकामे, मोबाइल तो गाडीतच ठेवून आला होता. आणि भर उन्हात तो चोरून खांद्यावरून मागं बघत होता.

अडकला होता तो हा... हा!

तिनं डोक्यावरचं काळं फडकं मागं सारलं, आणि इतक्या दिवसांनी गळा उघडला.

"उठू नको आता, राजा, दार मी लावून घेतलं,
तुझ्या वाटेवरचे काटे मी पदरात वेचून घेतले,
आमचं आम्ही बघू रे, मागं फिरू नको,
जा, उजेड आहे तोवर..."

म्हणत होती ती हाडांकडे बघून नव्हे, दिराकडे बघून. तो मटकन खाली बसला.

"हा आवाज... असाच मोडतो तो गाण्यातही!" लिगेरीबाईंचा हात छातीवर गेला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे. "गाण्यातली ती... तू होतीस? आणि तू, पिएरोस...! अगं, म्हणजे माझं हे हृदय तुझ्या रडण्यावर चालतंय?"

"चालू दे, आई. तेवढं तरी चालू दे."

म्हातारी उठली, लेकावर तिनं हात उगारला. स्तावरियानीनं तो हात वरच्यावर धरला.

"मारू नका त्याला. त्याचं रडायचंच राहून गेलंय."

मग तिनं हाडं धुवायला ठेवलेलं वाइनचं घमेलं पिएरोसपुढं ओढलं. "ये. धू."

"अगं, बायकांचं काम ते!" कुणीतरी कुजबुजलं.

"भावाचंही आहे."

त्यानं बाह्या वर सारल्या. लाल वाइनमध्ये एकेक हाड बुडवून तो अंगठ्यानं माती काढू लागला, लहान मुलाचं अंग धुवावं तसा. गळ्याखालचं एक हाड हाती आलं आणि तो थबकला. हाडावर मधोमध गाठ होती, मोडून पुन्हा जुळल्याची.

"हे सायकलवरचं..." तो म्हणाला. "मला पुढं दांडीवर बसवलं होतं त्यानं. पडताना मला उचलून वर धरलं, आणि स्वतः..."

ज्यानं आयुष्यभर सगळं तालात बसवलं, त्याचं रडणं बेताल, ओबडधोबड, जनावरासारखं बाहेर आलं. लिगेरीबाईंनी त्याचं डोकं कुशीत ओढून घेतलं. ते हाड मात्र त्याच्या हातातून कुणी काढून घेतलं नाही... बायका घमेल्यात हात बुडवून तशाच थांबून राहिल्या, त्याचं रडून होईपर्यंत.