शहरातला एकुलता एक डाग

नगरदृष्टी केंद्राच्या विस्मरण कक्षात नलिनीताई उपासनी सकाळपासून पडद्यासमोर बसून होत्या. बत्तीस वर्षं लोकांवर नजर ठेवून डोळे शिणले होते आणि मनही विटलं होतं. म्हणूनच त्यांनी हट्टाने विस्मरणप्रणाली उभी केली होती. अर्ज मंजूर झाला की शहरातले सगळे कॅमेरे त्या माणसाला विसरत.

"मॅडम," शेजारचे मुजावर म्हणाले, "पुसायचं तर आधी प्रत्येक कॅमेऱ्याने त्याला ओळखायला हवं ना?"

"हवंच. चालीवरून ओळखायचं आणि तिथे राखाडी डाग ठेवायचा."

"मग डाग कुठे गेला ते कोणीही घरबसल्या बघेल. चित्रण सगळ्यांना खुलं आहे."

"हजारो डागांत कोणता कोणाचा, कसं कळणार?"

मुजावर घुटमळले. "आज किती आहेत?"

नलिनीताईंनी यादी उघडली. साडेचार हजार अर्ज छाननीत अडकले होते. मंजूर एकच होता, त्यांच्या भाचीचा. शर्वरी मारकुट्या नवऱ्याला सोडून पळाली होती. मावशी साहेब असताना पोरीने रांगेत का थांबायचं, म्हणून ताईंनीच तिची फाइल वर काढली होती. जन्मात पहिल्यांदा वशिला लावला, तो पोरीच्याच मुळावर आला. त्यात मंजुरीचं पत्र नियमाप्रमाणे घरच्या पत्त्यावर, म्हणजे नवऱ्याच्या हाती गेलेलं.

"पुन्हा दिसती करू त्यांना?" मुजावरांनी विचारलं.

"मग तो चेहऱ्यावरून शोधेल. बाकीचे अर्ज?"

"समिती सोमवारी बसेल. छाननी लागत नाही ती फक्त आपल्या कर्मचाऱ्यांना."

ताईंनी चष्मा पुसला आणि स्वतःचा अर्ज भरला.

दुपारी त्या शर्वरीच्या खोलीवर पोचल्या. "आता डाग दोन आहेत. दोघी एकदम बाहेर पडू. तू स्टेशन गाठ."

"आणि तू, मावशी?"

"तुझ्या माहेरच्या बंद घरी. बाई माहेराशिवाय कुठे जाणार, असंच त्याला वाटेल. तो त्याच डागामागे येईल."

शर्वरी रडायला लागली. ताईंनी तिच्या हातात पिशवी दिली आणि दार उघडलं.

माहेरच्या ओट्यावर त्या दुखरे गुडघे चोळत बसल्या. गाडी सुटल्याचा शर्वरीचा निरोप आला आणि थोड्याच वेळात फाटकाशी मोटरसायकल थांबली. तो हाताभोवती पट्टा गुंडाळत उतरला. समोरच्या खांबावर कॅमेरा होता, पण त्यात ताईंच्या जागी फक्त राखाडी डाग दिसणार होता. ताईंना भीती वाटली. तरी या माणसाला बघून त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.