डावीकडचा साथीदार

माझा धंदा कान तपासायचा. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून थकलो आणि सोडून दिलं. माझ्या खोलीला लागून कपाटाएवढी एक आवाजबंद केबिन आहे. पेशंटला आत बसवायचं, हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. सूर ऐकू येत राहील तोवर त्याने ते दाबून धरायचं, की माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. काचेपलीकडून मी माणसाचा चेहरा बघत बसतो. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून माणसांशी माझा संबंध बहुतेक या काचेतूनच येतो.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला पेशंटच्या खुर्चीत तो येऊन बसला.

तो म्हणजे रॉक गिटार वाजवणारा, ज्याचे एकतीस कार्यक्रम मी तिकीट काढून ऐकले आहेत. पहिले वीस बायकोबरोबर, पुढचे अकरा एकट्याने. गिटार बडवणारे पायलीचे पन्नास मिळतात. हा तीन-चार सूर वाजवायचा, शेवटची तार बोटाने ताणून वर न्यायचा, सूर पुरता पोचायच्या आत सोडून द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. ड्रम चालू, बास चालू, आणि हा मान किंचित डावीकडे कलती करून नुसता उभा. दोन ठोके, कधी पाच. मग असा तुकडा वाजवायचा की आधीचं सगळं त्याच्यासाठीच अर्धवट ठेवलं होतं असं वाटावं. इतर जिथे सूर कोंबतात तिथे तो थांबायचा. त्या थांबण्यावर माझा जीव होता. भरल्या हॉलमध्ये कोणीतरी सरकून मला बसायला जागा दिली, असं वाटायचं.

मनात मी त्याला आयुष्यभर अरे-तुरे करत आलो. समोर आल्यावर जीभ आपोआप अहो-जाहोवर गेली.

"काय त्रास होतोय?"

"तुमचं बोलणं ऐकू येतंय. रस्त्यावरचे हॉर्न येतात. तो येत नाही."

"तो कोण?"

"डावीकडचा." त्यांनी हे शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. "मी थांबतो तेव्हा तो वाजवतो. मी नुसतं उत्तर देतो. पन्नास वर्षं झाली. लोकांना वाटतं मी मुद्दाम थांबतो. लोकांना काय, काहीही वाटतं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"शनिवारी कार्यक्रम आहे. तो नसला तर मला काही येत नाही, डॉक्टर. एखादं यंत्र असेल तर द्या."

तपासणी केली. बहात्तराव्या वर्षी इतके शाबूत कान मी पाहिले नव्हते. मशीनचा सूर बंद केला, हेडफोनची वायर काढली आणि गुंडाळायला घेतली.

हिरवा दिवा लागला.

आत ते डोळे मिटून बसले होते, मान डावीकडे, अंगठा बटणावर. दिवा लागत होता, विझत होता. हा ठेका माझ्या ओळखीचा होता. मी टेबलावर बोटांनी त्यांची ती प्रसिद्ध धून धरली. जिथे त्यांचे सूर होते तिथे दिवा विझलेला. जिथे ते थांबत, बरोब्बर तेवढाच वेळ तो लागत होता.

मग दिवा विझला तो विझलाच. त्यांनी डोळे उघडले आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे, माझ्या डाव्या खांद्याच्या जरा बाजूला.

"बदलली वाटतं त्याने जागा," ते म्हणाले. पैसे द्यायचे विसरून निघून गेले.

शनिवारी मी गेलो. सवयीने अजूनही दोन तिकिटं काढतो. डावीकडची खुर्ची रिकामी असते. पहिल्या धुनीपासून कळलं की बिनसलंय. बोटं तुफान चालत होती, पण ते थांबतच नव्हते. सूर, सूर, नुसते सूर. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. मला मात्र रडू आलं.

तेवढ्यात रिकाम्या खुर्चीतून चार सूर आले. बारीक, स्वच्छ. शेवटचा ताणलेला, पोचायच्या आत सोडलेला.

आजूबाजूला कोणी मान वळवली नाही.

तो माझ्याबरोबर घरी आला. रविवारी दुपारी मी एकट्यापुरता भात लावत होतो आणि तो स्वयंपाकघरात वाजवत होता. सहा वर्षांत त्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय कशाचा आवाज झाला नव्हता. मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू.

फोन वाजला. तेच होते.

"तुम्हाला काही ऐकू आलं का, डॉक्टर?"

स्वयंपाकघरातलं वाजणं थांबलं.

"नाही."

"नक्की?"

"नाही हो. वय झालं तुमचं, दुसरं काय."

"बरं," ते म्हणाले. "मग गिटार देऊन टाकतो."

फोन ठेवल्यावर डावीकडून चार सूर आले आणि तो थांबला. मी वाट पाहिली. मग ध्यानात आलं की वाट तो पाहतोय.

मला साधी शीळ घालता येत नाही. मी घाबरत घाबरत गुणगुणलो. त्याने तेच चार सूर पुन्हा वाजवले, सावकाश, पोराला पाढे शिकवावेत तसे. पुन्हा थांबला.

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मीच त्यांना फोन लावला, सगळं कबूल केलं, आणि रिसीव्हर हवेत धरला.

"ऐका," मी म्हणालो. "आहे इथे. घेऊन जा."

त्यांनी ऐकलं. ते ऐकत असल्याचं मला कळत होतं.

"काहीच नाही हो," ते अगदी हळू म्हणाले. "तुमच्या भाताची शिट्टी तेवढी झाली."

आज एकविसावा दिवस. तेच चार सूर, तोच थांबा. तो चिडत नाही, कंटाळत नाही. फक्त रोज थोडा अलीकडे येतो. आज सकाळी इतक्या जवळ होता की सूर निघायच्या आधी तारेवर नख घासल्याचा आवाजही मला ऐकू आला.