सळई ठोकली ती जागा

मोबाईल खिशात ठेवा रे आधी, मग सांगतो. हिंगोलीचा भीमराज वायरमन तुमाला माहीत हाय ना? त्याच्यासंगं घडलेलं हाय, त्यानं सोता मला सांगितलं. तो थापा मारणारा माणूस न्हाई. थापा मारायला मी हाय.

गेल्या साली रंगपंचमीच्या सांजेला तो पुसेगावच्या शिवारात गेला. तिथं गोपीचंद आन् त्याची बायको शितल हळद शिजवायला आली होती. ती दोघं हळदीचा मोठा कुकर घेऊन शेतोशेत फिरतात आन् राहतात ट्रॅक्टरमागं ओढायच्या पत्र्याच्या खोलीत. जुन्या बॅटरीवर एक दिवा लागायचा फक्त. तान्हं पोरगं उकाड्यानं झोपत नव्हतं, म्हणून गोपीचंदनं मोठी लिथियमची बॅटरी आन् नवा इन्व्हर्टर आणला होता.

भीमराजनं वायरिंग केलं. खोली पत्र्याची, चाकं रबराची. करंट पत्र्यात उतरला तर जमिनीत जायला वाट पाहिजे. म्हणून त्यानं गोपीचंदला बांधाला सळई ठोकायला लावली.

"दादा, एका जागी माती भुसभुशीत हाय," गोपीचंद येऊन म्हणाला. "मीठबी निघालं. जुन्या मोटारीची अर्थिंग असल. तिथंच ठोकली."

"बराबर केलं," भीमराज म्हणाला. गोपीचंद शेताच्या दुसऱ्या टोकाला कुकरकडं परतला.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आन् कोळसा दोन्ही घालतात. कोळसा निघाला का, हे भीमराजनं इचारलं न्हाई. घरी जायची घाई, दुसरं काय.

सळईला वायर जोडली. पंखा फिरला. आन् पोरगं किंचाळून उठलं.

शितलनं छातीशी धरलं, थोपटलं. राहीना. अंधार पडला तरी राहीना. तिनं दाराला हात लावला आन् झटक्यानं मागं घेतला. "भाऊ, मुंग्या येऊन राहिल्या."

भीमराजनं पत्र्याला टेस्टर लावला. पेटला. इन्व्हर्टर बंद केला. पंखा थांबला, टेस्टर पेटलेलाच. बॅटरी सोडवली... तरी पेटलेला. शिवारातली लाईन तर दुपारीच गेलेली.

मग करंट येतो कुठून?

तो टॉर्च घेऊन बांधावर गेला. सळईजवळची माती उकरली. मीठ. कोळसा न्हाई. मिठाखाली... एक इवलंसं टोपडं.

तान्हं लेकरू गेलं की आपण जाळत न्हाई रे. मीठ घालून पुरतो.

त्यानं सळई उपसली, पळत आला, टेस्टर लावला.

पेटलेला.

वायर सुटलेली. खाली रबराची चाकं. आन् आत पोरगं गप झालं होतं.

"झोपला वो," शितल म्हणाली. मग तिचा आवाज फिरला. "भाऊ... गार काहून लागून राहिला हा?"

तवा त्याला उमगलं. जे वर आलं होतं, त्याची परतायची वाट त्यानंच तोडली होती.

तो धावला. त्याच भोकात सळई घातली, वायर बांधली. "जा बाळा... चुकलं आमचं... जा."

मग पत्र्याला टेस्टर धरून बसला. किती येळ, त्याला सांगता येत न्हाई. उजेड मंद झाला. अजून मंद...

इझला.

आत पोरगं रडलं. साधं, भुकेचं रडणं. शितल रडली, आन् भीमराजबी रडला, हे सांगायला तो लाजत न्हाई. त्यानं सळई काढली, टोपड्यावर हातानं माती लोटली.

त्याच रात्री खोली हलवायची ठरली. शितल पोराला घेऊन खाली उतरली. भीमराज गोधडी उचलायला वाकला. गोधडीत पोराच्या जागेचा खळगा पडलेला.

त्याला लागून अजून एक खळगा. त्याहून लहान.

भीमराजनं त्याच्यावर हात ठेवला...

उबदार होता.